थकलेली पाणीपट्टी, बंद झालेला नळ

‘नळजोडणी’ हा शब्द शहरी पाणीपुरवठ्याच्या व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो, आणि थकबाकीमुळे घराचे पाणी बंद होण्याचा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर हे दोन अर्थ आधी वेगळे करून पाहावे लागतात. पहिला अर्थ वस्तूचा आहे. रस्त्याखालून गेलेल्या महापालिकेच्या वितरण वाहिनीला छिद्र पाडून तिथे फेरूल नावाचा पितळेचा लहानसा तुकडा बसवला जातो, आणि त्यातून निघालेली बारीक नळी जलमापकातून, म्हणजे मीटरमधून, इमारतीच्या आवारातील जमिनीखालच्या टाकीपर्यंत आणली जाते. दुसरा अर्थ कराराचा आहे. कोणीतरी अर्ज केलेला असतो, अनामत भरलेली असते, कार्यालयाच्या नोंदवहीत त्या जोडणीपुढे एक नाव आणि एक ग्राहक क्रमांक असतो, आणि त्या नावाने देयक निघते. थकबाकी साचते ती या दुसऱ्या, कागदावरच्या जोडणीत. तोडली जाते ती मात्र पहिली, रस्त्याखालची जोडणी. कागदावरचे नाव एकाचे आणि नळीच्या टोकाला तहान अनेकांची, अशी जिथे स्थिती असते तिथे या कारवाईचा घाव ऋणकोवर पडण्याऐवजी भलत्यावरच पडतो, आणि वसई-विरार हे बऱ्याच अंशी अशाच जोडण्यांवर उभे असलेले शहर आहे.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालच्या अनेक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. त्या वेळी हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर वसई-विरार हे नव्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर ठरले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली होती, आणि मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या कडेने उत्तरेकडे सरकत राहिल्यामुळे ती त्यानंतर कितीतरी वाढली. या वस्तीला लागणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग शहराच्या हद्दीबाहेरून येतो. विरारजवळच्या पापडखिंड धरणातून दिवसाला १ दशलक्ष लिटर, पेल्हार धरणातून १० आणि उसगाव धरणातून २० दशलक्ष लिटर एवढाच जवळचा आधार आहे. बाकी भिस्त सूर्या नदीवर. तिच्यावरील धामणी धरणाचे पाणी मासवण येथे उपसून, धुकटण येथे शुद्ध करून, मोठ्या व्यासाच्या जलवाहिन्यांनी दक्षिणेकडे आणले जाते, आणि या योजनेच्या दोन टप्प्यांतून प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर पाणी शहराला मिळू लागले. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ४०३ दशलक्ष लिटरची सूर्या प्रादेशिक योजना हाती घेतली. तिच्यातील १८५ दशलक्ष लिटर वाटा वसई-विरारचा आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरचा असून, वसई-विरारला या योजनेचे पाणी २०२३ च्या अखेरीपासून येऊ लागले.

दशलक्ष लिटर म्हणजे दहा लाख लिटर. पाणीपुरवठा खात्याच्या बोलीत यालाच ‘एमएलडी’ म्हणतात. नव्या योजनेपूर्वीच्या सर्व स्रोतांची बेरीज २३१ होते. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे असे भारतातील नियोजनाचे प्रमाण आहे, आणि त्या हिशेबाने २०११ च्या लोकसंख्येला सुमारे १६५ दशलक्ष लिटर लागत होते, म्हणजे कागदावर तेवढ्या लोकसंख्येला हे पाणी पुरून उरले असते. वस्ती दुप्पट धरली की हीच मागणी ३३० वर जाते. जुन्या वाहिन्यांतून होणारी गळती त्यानंतर पुरवठ्यातून वजा करायची. थकबाकीचा विचार करताना ही बेरीज-वजाबाकी डोळ्यांपुढे ठेवणे भाग आहे, कारण पाण्याचे देयक हे पुरवठ्याच्या बदल्यातले देणे आहे, आणि जिथे आठवड्यातले काही दिवस नळाला पाणीच येत नाही, किंवा दुरुस्तीसाठीचा ‘शटडाउन’ संपल्यानंतरही उंचावरच्या भागात दाब यायला आणखी एक-दोन दिवस जातात, तिथे देणे न भरण्याचे कारण दर वेळी दुर्लक्ष किंवा लबाडी हेच असते असे मानता येत नाही.

या शहरात नळाला पर्याय म्हणून उभी राहिलेली दुसरी व्यवस्था, म्हणजे टँकर, महापालिकेपेक्षा जुनी आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशा गावांच्या वाड्यांमधून, ‘बावखल’ नावाची गोड्या पाण्याची खोल तळी पूर्वापार खोदलेली होती. बावखलातून रहाटाने पाणी उपसून केळी, भाजीपाला, फुले आणि पानवेली यांच्या बागा भिजत, आणि पावसाळ्यात तीच बावखले पाणी साठवून जमिनीत मुरवत. समुद्रालगतच्या भूगर्भात गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्याच्या थरावर तरंगत असतो, आणि गोडे पाणी जेवढे उपसले जाते त्याहून कमी मुरले तर खालचा खारा थर वर सरकतो व विहीर मचूळ होते. हे भान जपणारी ती रचना होती. १९८० च्या दशकात वसाहती वाढू लागल्या, तेव्हा नळ नसलेल्या इमारतींना पाणी पुरवण्यासाठी याच पट्ट्यातील विहिरींवर मोटारी बसल्या आणि रात्रंदिवस टँकर भरू लागले. विहिरी खारावल्या, बागा करपल्या, आणि त्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. वसईच्या जमिनीवरील नागरीकरणाचा आराखडा आणि विहिरींतून होणारा पाण्याचा व्यापार या दोन्हींना त्या आंदोलनाने एकाच वेळी हात घातला. वसईच्या सार्वजनिक जीवनात पाण्याचा टँकर हा साध्या वाहनापेक्षा मोठा विषय का आहे, याचे उत्तर या इतिहासात आहे. टँकरचा व्यवसाय मात्र संपला नाही. तो पूर्वेकडे सरकला, आणि नालासोपारा पूर्व, वालीव, पेल्हार या भागांत तो आजही पाणीपुरवठ्याचा एक खांब आहे.

आता देयकाकडे वळता येईल. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याने ज्या महापालिका चालतात, त्यांत वसई-विरार येते. या कायद्याच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये सांगितली आहेत, म्हणजे जी करायची की नाही हे महापालिकेच्या इच्छेवर सोपवलेले नाही अशी कामे, आणि पाणीपुरवठा त्यांपैकी एक आहे. त्याच कायद्याने कर व शुल्क वसूल करण्याचे अधिकारही दिले आहेत. नागरिकाच्या हातात पडणाऱ्या कागदांत पाण्याचा संबंध दोन ठिकाणी येतो. घरपट्टीच्या, म्हणजे मालमत्ता कराच्या देयकात इतर करांबरोबर पाण्याशी निगडित कराचा भाग असू शकतो. तो मालमत्तेच्या मूल्यावर बसतो आणि प्रत्यक्ष किती पाणी वापरले याच्याशी त्याचा संबंध नसतो. याशिवाय मीटरवरील नोंदीनुसार किंवा ठरावीक दराने जे आकारले जाते, ते पाणीपट्टीचे वेगळे देयक. ‘पट्टी’ हा शब्द मुळात सर्वांनी वाटून उचलायच्या देण्याचा आहे. गावकीत पट्टी काढणे म्हणजे प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे वाटा देणे, आणि पाणीपट्टीच्या वादात हा मूळ अर्थ हरवून ती दुकानातल्या उधारीसारखी मानली जाते, हे खेदाचे आहे.

घरपट्टी मुदतीत भरली नाही तर तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंडाची रक्कम, चढते. वर्षाला हे २४ टक्के होतात, आणि ज्या कुटुंबाची एक-दोन वर्षांची पट्टी आजारपणात किंवा नोकरी गेल्यामुळे राहून गेली, त्याला मूळ रकमेपेक्षा शास्तीच अधिक जड वाटू लागते. म्हणूनच महापालिका अधूनमधून ‘अभय योजना’ जाहीर करतात, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत मूळ थकबाकी भरणाऱ्याला शास्तीत सूट देतात. वसुलीची पायरी कायद्याने घालून दिली आहे. आधी देयक, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचे अधिपत्र, आणि शेवटी मालमत्तेची अटकावणी व विक्री. पाण्याच्या थकबाकीसाठी जोडणी तोडण्याचा अधिकारही प्रशासनाकडे आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्यामुळे जानेवारीपासून वसुली पथके बाहेर पडतात, प्रभाग समित्यांना उद्दिष्टे दिली जातात, आणि घरपट्टीच्या थकबाकीसाठीसुद्धा नळजोडणी खंडित करण्याचा इशारा दिला जातो. जप्तीची प्रक्रिया लांब आणि कागदोपत्री असते. नळ तोडायला एक प्लंबर, एक पाना आणि अर्धा तास पुरतो. कारवाईची निवड थकबाकीच्या स्वरूपावरून होण्याऐवजी ती किती सोपी आहे यावरून होते, हा या पद्धतीतील पहिला दोष आहे.

महापालिकेची बाजूही मांडली पाहिजे, कारण तीत तथ्य आहे. सूर्याचे पाणी नुसत्या उताराने शहरात येत नाही. ते उपसावे लागते, आणि त्या विजेचे देयक दर महिन्याला येते. तुरटी, क्लोरीन, वाहिन्यांची दुरुस्ती, व्हॉल्व्ह उघडणारे-मिटणारे कर्मचारी, धरणातील पाण्याचे राज्य सरकारला द्यावे लागणारे शुल्क, या सर्वांचा खर्च जे भरतात त्यांच्याच खांद्यावर येतो, आणि ऐपत असूनही वर्षानुवर्षे न भरणाऱ्यांना काहीच झाले नाही तर प्रामाणिकपणे भरणाऱ्याचा व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. वालीव, गोखिवरे, सातिवली परिसरातील औद्योगिक गाळा किंवा स्टेशनबाहेरचे मोठे हॉटेल यांची जोडणी थकबाकीसाठी तोडली तर त्यात अन्याय आहे असे म्हणणे कठीण आहे, कारण तिथे पाणी हा धंद्याचा कच्चा माल आहे आणि धंदा एक दिवस बंद ठेवून रक्कम भरता येते. घराचे तसे नाही. घरातील पाणी एक दिवस बंद ठेवता येत नाही, आणि कारवाईच्या नियमात या दोहोंमध्ये भिंत उभी केलेली नसेल तर ती चूक नियम करणाऱ्याची आहे.

वसई-विरारमधील घर म्हणजे बहुधा चार मजली इमारतीतील सदनिका. पाच माणसांचे एक कुटुंब याप्रमाणे वीस सदनिकांची इमारत धरली तर तिथे शंभर माणसे राहतात आणि जोडणी बहुधा सामाईक असते. प्रमाणानुसार या इमारतीला दररोज १३,५०० लिटर पाणी लागते. तीन सदनिकांनी सोसायटीची देखभाल वर्गणी दोन वर्षे दिली नाही, सोसायटीची गंगाजळी आटली, तिने महापालिकेचे देयक अर्धेच भरले, आणि शेवटी जोडणी तुटली, असे कल्पिले तर सतरा कुटुंबांनी आपला वाटा वेळेवर देऊनही त्यांचे पाणी गेलेले असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पाण्याचा खर्च प्रत्येक सदनिकेतील नळांची संख्या व आकार यांवरून वाटला जातो, म्हणजे कोणी किती पाणी वापरले आणि कोणाच्या वापरामुळे देयक वाढले, हेही इमारतीच्या आत कळत नाही.

जोडणी तुटल्यावर इमारत कोरडी राहत नाही, हे या प्रश्नाचे मर्म आहे. दुसऱ्याच दिवशी टँकर बोलावला जातो. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पूर्ण गरज भागवायला दिवसाला एकाहून अधिक आणि महिन्याला सुमारे चाळीस टँकर लागतात. इतके परवडत नाहीत म्हणून माणशी वापर १३५ वरून ५५ लिटरवर, म्हणजे ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने ठरवलेल्या प्रमाणावर, आणला तरी दिवसाला ५,५०० लिटर, म्हणजे जवळजवळ दर दोन दिवसांना एक टँकर घ्यावाच लागतो. टँकरचे पाणी लिटरमागे नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडते, आणि त्याचे पैसे रोख द्यावे लागतात. थकबाकी फेडण्यासाठी सोसायटीच्या हातात जी रक्कम उरली असती तीच अशा रीतीने टँकरवाल्याकडे जाते. थकबाकी तशीच राहते, तिच्यावर पुढील महिन्याची शास्ती चढते, आणि महापालिकेने आपल्याच ग्राहकाला आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे ढकललेले असते. यातून भूजलावर पडणारा भार वेगळाच, कारण टँकर भरला जातो तो कुठल्यातरी विहिरीवर किंवा बोअरवेलवर.

ज्यांच्या नावाने जोडणीच नाही त्यांची स्थिती याहून नाजूक असते. भाडेकरूचे नाव पाण्याच्या देयकावर नसते. घरमालकाने देयक थकवले तर नोटीस मालकाच्या नावाने येते आणि पाणी भाडेकरूचे जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ ने घरमालकाला भाडेकरूचा पाणी, वीज यांसारखा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास किंवा रोखून धरण्यास मनाई केली आहे, परंतु मालकाने स्वतः नळ न तोडता नुसते देयक न भरता महापालिकेकरवी तो तुटू दिला, तर त्या भाडेकरूला न्यायालयाची वाट धरण्यावाचून उपाय उरत नाही. सोसायटी आणि थकबाकीदार सभासद यांच्यातही हाच प्रश्न लहान प्रमाणात उभा राहतो. सभासदाच्या सदनिकेचा व्हॉल्व्ह बंद करणे हा अनेक कार्यकारिणींना सोपा मार्ग वाटतो, पण सहकार कायद्याने वसुलीचा वेगळा मार्ग आखलेला आहे. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १५४ब-२९ नुसार निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो, आणि त्या दाखल्याची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. वसई-विरारमध्ये आढळणारी तिसरी स्थिती म्हणजे सोसायटी स्थापनच न झालेली इमारत. अशा इमारतीची जोडणी बांधकाम व्यावसायिकाच्या नावाने असते. तो सदनिकाधारकांकडून दरमहा रक्कम घेतो आणि पुढे भरतोच असे नाही. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, १९६३ याच्या कलम ६ ने मालमत्ता हस्तांतरित होईपर्यंत कर, पाणी आकार वगैरे देणी भरण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बांधकाम करून सदनिका विकणाऱ्यावर टाकली आहे. कायद्याने ऋणको कोण हे इतके स्पष्ट सांगितलेले असताना त्याच्या थकबाकीसाठी सदनिकाधारकांचे पाणी तोडले जाते, तेव्हा शिक्षा भोगणारे आणि अपराध करणारे यांचा परस्पर संबंधच उरत नाही.

या सर्वांच्या पलीकडे ती मोठी वस्ती आहे जिच्याकडे तोडण्यासारखी जोडणीच नाही. इमारत परवानगीनुसार पूर्ण झाल्याचे आणि राहण्यास योग्य असल्याचे महापालिकेचे पत्र म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि नियमित नळजोडणीसाठी ते मागितले जाते. बनावट कागदपत्रांवर आणि आरक्षित जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींचा वसई-विरारमधील पसारा किती, याची चर्चा साऱ्या महाराष्ट्राने नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी भागातील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशावरून २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या तेव्हा ऐकली. अशा इमारतींवरही घरपट्टीची आकारणी होऊ शकते, आणि कर भरला म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही, असे कायदाच सांगतो. कर घेण्यासाठी जी इमारत अस्तित्वात असते ती पाणी देण्याच्या वेळी नोंदीत नसते, ही विसंगती तिथल्या रहिवाशांना नित्य भोगावी लागते.

या विसंगतीवर मुंबई उच्च न्यायालयाने एका जवळच्या प्रकरणात स्पष्ट भूमिका घेतली आहे. पाणी हक्क समिती विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका या खटल्यात, २००० सालानंतरच्या झोपड्यांना पाणी न देण्याच्या धोरणाला आव्हान दिलेले होते. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राहते घर बेकायदा आहे एवढ्याच कारणाने माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येत नाही. त्याच वेळी न्यायालयाच्या मते प्रत्येक झोपडीला स्वतंत्र जोडणी दिलीच पाहिजे असे नाही, नियमित ग्राहकांपेक्षा अधिक दर लावता येईल, आणि पाणी दिल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निर्णयात प्रदूषणमुक्त पाण्याचा उपभोग जगण्याच्या हक्कात आधीच सामावून घेतला होता. मुंबईच्या निर्णयाचे महत्त्व असे की त्याने पाणी आणि दंड यांची गाठ सोडवली. बेकायदा बांधकामाला दंड असावा, तो इमारतीला व्हावा, बांधणाऱ्याला व्हावा. तो तहानेच्या रूपाने देऊ नये. हे सूत्र थकबाकीला लावण्यात कोणतीही बौद्धिक अडचण नाही, कारण बेकायदा घरात राहण्यापेक्षा पाणीपट्टी थकवणे हा काही अधिक गंभीर अपराध नव्हे.

जगातील काही देशांनी ही वाट चालून पाहिली आहे. इंग्लंडमध्ये १९८९ साली पाणी कंपन्यांचे खासगीकरण झाल्यानंतर थकबाकीसाठी घरांचे पाणी तोडण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले, १९९१-९२ मध्ये ते सुमारे २१ हजार घरांपर्यंत गेले, आणि सार्वजनिक आरोग्याच्या चिंतेतून उठलेल्या टीकेनंतर १९९९ च्या कायद्याने घरगुती जोडणी थकबाकीसाठी तोडण्यावर संपूर्ण बंदी आली. कंपन्यांना वसुलीसाठी इतर कोणत्याही धनकोप्रमाणे दिवाणी मार्ग धरावा लागतो. फ्रान्सने २०१३ मध्ये मुख्य निवासाचे पाणी वर्षभर कधीही तोडता येणार नाही असा नियम केला आणि तेथील घटना परिषदेने २०१५ मध्ये तो वैध ठरवला. याउलट अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यानंतर पुढच्या वर्षी हजारो घरांचे पाणी तोडले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी तिथे जाऊन त्यावर टीका केली, आणि २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा हात धुण्यासाठी तेच नळ घाईने पुन्हा जोडण्याची वेळ आली. संसर्ग थकबाकीदाराच्या दारात थांबत नाही, ही साधी गोष्ट एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक पाणीपुरवठा उभारणाऱ्या अभियंत्यांना ठाऊक होती, आणि शहरे नळ बांधू लागली त्यामागे दयेपेक्षा हेच कारण मोठे होते.

वसई-विरारपुरता विचार केला तर घरगुती जोडणी तोडण्याऐवजी करता येण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. जोडणीधारक आणि प्रत्यक्ष पाणी वापरणारी कुटुंबे यांची वेगवेगळी नोंद ठेवावी. नोटीस ग्राहकाच्या नावाबरोबर इमारतीच्या जिन्यातही लावावी, जेणेकरून भाडेकरूला आणि वर्गणी भरणाऱ्या सभासदाला वेळेत कळेल. थकबाकीचे हप्ते बांधून द्यावेत. आणि प्रवर्तकाची थकबाकी प्रवर्तकाच्याच इतर मालमत्तांवर चढवावी. जिथे सोसायटी तुटण्याच्या बेतात आहे तिथे सदनिकानिहाय मीटर बसवण्याचा खर्च टँकरच्या खर्चाशी ताडून पाहिला तर तो परवडण्यासारखा ठरण्याची शक्यता मोठी आहे. असे निर्णय लोकांसमोर वादविवाद होऊन घेतले जावेत हे उचित, पण या शहरात जून २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृह नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, आणि आपल्या इमारतीचा नळ तुटला हे सांगण्यासाठी ज्याच्या घरी जावे असा नगरसेवक रहिवाशांना उरला नव्हता.

नळाच्या दुसऱ्या टोकाला पाहिले तर महापालिका स्वतः एक ग्राहक आहे, आणि वरच्या पातळीवर थकबाकीला मिळणारी वागणूक निराळी असते. नदीचे पाणी उचलण्याचे दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते, आणि नागरी संस्था व सरकारी खाती यांच्यातील पाण्याच्या थकबाकीवर पत्रव्यवहार होतो, बैठका होतात, हप्ते पडतात. शहराला जाणारी मुख्य वाहिनी थकबाकीसाठी बंद करण्याचा विचार सहसा कोणी करत नाही, आणि तो करू नये हेच योग्य आहे. ग्रामीण महाराष्ट्राला मात्र हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. तिथे ग्रामपंचायतीने वीज देयक थकवल्यामुळे नळयोजनेच्या पंपाची वीज तोडली जाऊन सबंध गाव पाण्याविना राहिल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. सूर्या प्रकल्प तर मुळात पालघर, डहाणू आणि विक्रमगड तालुक्यांतील शेतीच्या सिंचनासाठी आखलेला; त्याचे पाणी शहरांसाठी राखून ठेवण्याविरुद्ध तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले आहे. ज्यांच्या शेतापर्यंत पोहोचायचे पाणी वळवून शहरात आणले गेले, त्या पाण्याचा नळ शहरातील गरीब घरात बंद करून ठेवायचा आणि ते घर पुन्हा कुठल्यातरी गावच्या विहिरीतून भरलेल्या टँकरवर जगवायचे, या हिशेबात गाव आणि शहर दोघांचेही नुकसान आहे.

त्यातच हिशेबाचे वर्ष आणि पाण्याचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. वसुलीची घाई मार्चमध्ये शिगेला पोहोचते, कारण खातेवही ३१ तारखेला मिटायची असते. उत्तर कोकणच्या या किनाऱ्यावर पाऊस धरतो तो बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि मधल्या एप्रिल-मेमध्ये धरणांचा साठा खाली गेलेला असतो, विहिरी मचूळ झालेल्या असतात, टँकरची मागणी वर्षातील सर्वांत अधिक असते. मार्चच्या अखेरीस नळ गमावलेल्या वीस सदनिकांच्या इमारतीला पुनर्जोडणीची रक्कम उभी करता करता हे सत्तर दिवस पार पाडायचे असतात, आणि माणशी ५५ लिटरवर कसेबसे भागवले तरी तेवढ्यात तिला जवळजवळ चाळीस टँकर लागतात.